सरक म्हणा

दादरला डबा भरला. मी खिडकीशी, मधे डुलक्या घेणारी एक बाई, आणि कडेला विशी-बाविशीची एक मुलगी. तिच्या कानात इअरफोन, मांडीवर कसलीशी जाड फाइल. साठीच्या आसपासच्या एक काकू गर्दीतून वाट काढत आमच्या बाकापाशी येऊन थांबल्या. कापडी पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि दिवसभर कुठल्या तरी ऑफिसात पडून राहिल्याने ती मेथी चांगलीच घमघमत होती. काकूंनी चौथ्या सीटवालीचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "बाळा, जरा ॲडजस्ट कर ना." मुलीने एका कानातलं बोंडूक काढलं, वर पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, मी सरकते. पण ॲडजस्ट कर म्हणू नका." काकू गोंधळल्या. "मग काय म्हणू?" "सरक म्हणा."

आणि ती सरकली. चांगली ऐसपैस सरकली, चौथीला सहसा मिळते त्याहून चार बोटं जास्तच जागा दिली तिने. पण तोवर डब्यातलं वातावरण बिघडलं होतं. समोरच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहून भुवया उडवल्या. उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी "आजकालच्या मुली" एवढंच म्हणून पुढचं वाक्य हवेत सोडून दिलं. काकू बसल्या, पण बसल्यासारख्या वाटत नव्हत्या. मुलगी पुन्हा फाइलीत. डोंबिवलीला उतरताना तिने काकूंची घसरलेली पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवली आणि गर्दीत गेली. मी बदलापूरपर्यंत त्या एका शब्दात अडकून बसले.

खरं सांगते, पहिल्यांदा मलाही तिचा रागच आला होता.

तीस वर्षं मी हा शब्द ऐकतेय आणि वापरतेय. आपल्याकडे तो जसा वापरतात तसा तो इंग्रजांच्या देशात वापरत नसावेत असं मला नेहमी वाटतं. ते खुर्ची ॲडजस्ट करतात, कॉलर ॲडजस्ट करतात, नव्या गावाशी ॲडजस्ट होतात. म्हणजे काहीतरी वस्तू लागते, नाहीतर कशाशी तरी व्हावं लागतं. आपल्या डब्यात या क्रियापदाला कर्मच नाही. "ॲडजस्ट करा." काय करा? कुणाला करा? उत्तर उघड आहे म्हणून कुणी विचारत नाही: स्वतःच्या अंगाला करा. मांड्या आवळा, कोपर पोटाशी घ्या, पर्स उभी धरा, श्वास थोडा कमी घ्या. वाणी "पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो" म्हणतो तेव्हाही त्याचे पाच रुपये माझ्याकडे येतच नाहीत, ती वेगळी गोष्ट. आणि लग्नाच्या बायोडेटात 'मनमिळाऊ, ॲडजस्टिंग स्वभाव' लिहितात तेव्हा त्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्या दोन्ही घरांना पक्का ठाऊक असतो. माझ्याही बायोडेटात होता. वडिलांनी टाइप करून आणला होता आणि 'गृहकृत्यदक्ष'च्या शेजारी तो इंग्रजी शब्द देवनागरीत जरा ऐटीत बसला होता.

त्या रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर मी शब्दाचा माग काढायला बसले. मला ही खोड जुनी आहे. कुणाशी भांडता आलं नाही की मी शब्दकोश उघडते. मनात अंदाज होता की हे सोपं असणार: 'ॲड' आणि 'जस्ट', म्हणजे न्याय्य करणं, रास्त करणं. लॅटिनमध्ये 'युस' म्हणजे कायदा, हक्क. त्यावरून 'युस्तुस', म्हणजे न्याय्य. जस्टिस त्यातलाच. म्हटलं, चला, निदान मुळात तरी या शब्दाच्या पोटात न्याय आहे. मुलीला सांगायला काहीतरी मिळालं.

पण तसं नाही निघालं.

'ॲडजस्ट'चं खरं मूळ 'युस्तुस' नाही, 'युक्स्ता' आहे. लॅटिनमध्ये युक्स्ता म्हणजे जवळ, शेजारी, लगत. त्याला 'अद' हा 'कडे' अर्थाचा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं, अद्युक्स्तारे: जवळ आणणे, लगत ठेवणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलं. म्हणजे काकू जे म्हणाल्या ते व्युत्पत्तीने तंतोतंत बरोबर होतं! जवळ घे. लगत हो. रोमन माणसाने आमच्या सेकंड क्लासच्या बाकाकडे पाहिलं असतं तर त्याने कदाचित हेच क्रियापद वापरलं असतं. फ्रेंचांनी पुढे त्याचे दोन तुकडे केले. एक 'आझूते', म्हणजे भर घालणे, वाढवणे. तिघींच्या बाकावर चौथी आली की जे होतं ते. दुसरा 'आझ्युस्ते', म्हणजे नेमकं बसवणे, जुळवणे. या दुसऱ्या शब्दात गडबड झाली. ऐकणाऱ्यांना त्यात 'जस्ट' ऐकू आलं, आणि लोक समजू लागले की हा न्यायातूनच आलेला शब्द आहे. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती हीच. मी रात्री अकरा वाजता ओट्याशी बसून केलेली चूक शेकडो वर्षांपूर्वी फ्रेंच लोक करून बसले होते, आणि त्यांच्या चुकीमुळे शब्दाचा अर्थ थोडा बदललाही. नुसतं जवळ आणणं राहिलं नाही. जिथे असायला हवं तिथे आणणं, असं काहीतरी त्यात मिसळलं.

न्याय या शब्दात चुकून शिरला. हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

जवळिकीचं पुढे काय होतं तेही याच कुळात सापडतं. युक्स्तापासूनच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आणखी एक शब्द गेला, 'जाऊस्ट'. मध्ययुगातले चिलखती सरदार घोड्यावर बसून, भाले रोखून समोरासमोर दौडत यायचे, तो खेळ. जवळ येणं म्हणता म्हणता भिडणं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या 'भिडणे'मध्ये टेकणं आहे आणि मारामारीही. बैल जुंपतात, आणि दोन जावांचीही जुंपते. इंग्रज कोशकार मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश रचला तेव्हा त्याने अशा किती शब्दांपाशी डोकं खाजवलं असेल!

बैल मी उगाच आणले नाहीत. युक्स्ताच्याही मागे गेलं की 'युंगेरे' भेटतं, म्हणजे जोडणे. रेल्वेचं जंक्शन त्यातलंच. रोज कल्याण जंक्शन ओलांडताना मी या शब्दाच्या मावसबहिणीला ओलांडत होते आणि मला पत्ता नव्हता. त्याच्या शेजारी आहे 'युगुम'. युगुम म्हणजे जू. बैलाच्या मानेवरचं जू. इंग्रजीतला 'योक' आणि संस्कृतमधला 'युग' ही त्याचीच भावंडं, आणि युगाचं मराठीत येता येता झालं 'जू'. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात उभं राहून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून फुटल्या असाव्यात असं सांगितलं, हे शाळेत पाठ केलं होतं. ते असं डोंबिवलीच्या अलीकडे-पलीकडे मांडीला मांडी लावून बसलेलं सापडेल असं वाटलं नव्हतं. युज् धातूवरून योग, योजना, युक्ती, वियोग. आणि गंमत म्हणजे 'योग्य'. योग्य म्हणजे मुळात जुंपण्याजोगा. त्यातला 'जोगा'ही योग्यचाच. म्हणजे फ्रेंचांना जे साधायला ऐकण्यातली चूक लागली, ते संस्कृतने बिनचूक आधीच करून ठेवलं होतं. जुवाला नीट बसतो तो योग्य. जो बसत नाही तो अयोग्य.

हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते बिलकुल आवडलं नाही.

कारण रोमनांनीही जुवाचा उपयोग माणसांवर केला. हरलेल्या सैन्याला जुवाखालून जायला लावायचे: दोन भाले उभे रोवलेले, तिसरा आडवा बांधलेला, त्याखालून वाकून निघायचं. इसवी सनापूर्वी 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमनांनाच तसं वाकवलं आणि ती नामुष्की रोम विसरलं नाही. त्यावरून 'सब्जुगेट', जुवाखाली घालणे. आणि दोघांना एका जुवाला जोडलं की 'कॉन्जुगल'. दाम्पत्य. इंग्रजीत वैवाहिक हक्कांना आजही याच शब्दाने ओळखतात.

तो शब्द मुंबईच्या हायकोर्टात एकदा फार मोठ्याने उच्चारला गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याघरी नांदायला नकार दिला, तेव्हा 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी दाव्याने 'कॉन्जुगल राइट्स' परत मागितले. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दादाजी अपिलात गेले, खटला पुन्हा चालला आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करेन असं कळवलं. पुढे 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी काम केलं, हे सगळं आपण वाचलेलं असतं. मला त्या रात्री फक्त एवढंच दिसत होतं की कोर्टाच्या कागदावर शब्दशः काय मागितलं होतं. जोडीचं जू. वैवाहिक हक्क परत मागण्याचं, इंग्रजी धर्मन्यायालयांतून इथे आलेलं ते कलम इंग्लंडने 1970 मध्ये स्वतःच्या घरातून काढून टाकलं. आपल्याकडे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम नऊ म्हणून ते अजून आहे.

जू मी पाहिलेलं आहे. हात लावून पाहिलेलं आहे. आईचे वडील, आबाजी, यवतमाळकडे शेती करायचे. बाभळीचं जू, वर्षानुवर्षं बैलांच्या मानेच्या घामाने आणि तेलाने काळंभोर झालेलं, दोन्ही टोकांना शिवळा. हात फिरवला की लाकूड वाटायचंच नाही, चामड्यासारखं लागायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. बैलांच्या खांद्यांना, जिथे वर्षभर जू घासून घट्टे पडलेले, तिथे हळद आणि तूप चोळायचे. आबाजी ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आम्ही पोरं हसायचो. बैल हसत नसे. हळद-तुपाचा, शेणाचा आणि ओल्या जमिनीचा तो एकत्र वास अजून कधीतरी अवचित येतो, आणि तो बदलापूरच्या फ्लॅटमध्ये कुठून येतो हे मला कळत नाही.

आबाजींच्या त्या जोडीत एक बैल तगडा होता, दुसरा वयाने उतरलेला. नवी जोडी घ्यायची ऐपत नसावी. तर ते काय करायचे, जुवाला मधोमध जो दोर बांधतात तो मधोमध बांधायचेच नाहीत. हातभर नाही, पण चार बोटं तगड्याच्या बाजूला सरकवून गाठ मारायचे. मी विचारलं होतं, वाकडं का बांधता? तर म्हणाले, "म्हाताऱ्याले जड पडते ना व. गाठ जिकडं सरकते तिकडच्यावर वजन जास्त." पुढे शाळेत तरफ शिकवली तेव्हा मला ती आधीच येत होती. गाठीपासून लांब असलेल्याला कमी जोर लावावा लागतो. जू एकच, दोघं त्याखाली लगत, पण ओझं सारखं नाही, झेपेल तसं. आबाजींना इंग्रजी येत नव्हतं. पण 'जवळ' आणि 'रास्त' हे दोन्ही अर्थ एकाच गाठीत बांधणारा माणूस मी तो एकच पाहिला.

त्यांच्याच लेकीला, म्हणजे माझ्या आईला, लग्नात निघताना आजीने सांगितलं होतं, "जुळवून घेजो, माय." हे आईनेच मला सांगितलंय, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, आणि मग तेच वाक्य थोडं शहरी करून मलाही दिलं. आई डावरी आहे. सासरी, पुलगावच्या दोन खोल्यांत नऊ माणसं, आणि डाव्या हाताने वाढलेलं कुणी खाणार नाही हे पहिल्याच जेवणाला स्पष्ट झालं. तेव्हापासून आई उजव्या हाताने वाढते. उजव्या हाताने पोळी लाटते, उजव्या हाताने रांगोळी काढते. कुणी नसलं की मात्र दुपारी उंबऱ्यात बसून लसूण सोलताना सुरी डाव्या हातात जायची आणि तो हात असा काही चालायचा की पाहत राहावं. कुणाची चाहूल लागली की सुरी गुपचूप या हातातून त्या हातात. मी लहानपणी तो एक खेळ समजायचे. आई जादूगार आहे असं मी मैत्रिणींना सांगितल्याचंही आठवतं.

मला वाटत आलंय, आईची गाठ कुणी कधी सरकवलीच नाही. वडील वाईट नव्हते. वाईट असते तर राग धरणं सोपं गेलं असतं. ते फक्त जुवाच्या त्यांच्या टोकाला चालत होते आणि दोर कुठे बांधलाय ते पाहायला वळले नाहीत. त्या मुलीचं वाक्य मला का टोचलं ते बहुधा इथे असावं. सरकायला तिची ना नव्हती. शेजारी बसवून घ्यायलाही नव्हती. तिला ते क्रियापद नको होतं, जे तिच्या आईने कुठल्या तरी स्वयंपाकघरात, तिच्यासमोर, फार वेळा चालवलं असेल. हा माझा अंदाज. कदाचित तिच्या फाइलीत उद्याची परीक्षा असेल आणि ती नुसतीच वैतागलेली असेल.

रविवारी आईला फोन केला. आता ती भावाकडे असते, गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "आई, आबाजी जुवाची गाठ तगड्या बैलाकडे सरकवायचे ना?" तिला एकदम सगळं आठवलं. बैलांची नावं, कुठला बैल शिंगं हलवायचा, कुठला चिखलात बसून घ्यायचा. मग म्हणाली, "तुले कशाले पाहिजे हे आता?" मी लाटिन-बिटिन काही बोलले नाही. म्हटलं, "सहज. वाटलं की तुझ्यासाठी कुणी सरकवली नाही गाठ." पलीकडे थोडा वेळ कुकरची शिटी तेवढी ऐकू आली. मग ती हसली.

"सरकवली नाही कशी? माझ्याकडंच होती ना ती पुरी. तुझ्या बापाले झेपलं असतं का?"

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडी मिजासच होती, आणि मी इतकी वर्षं तिला म्हातारा बैल समजून तिच्या वतीने हळहळत होते. का तिने हे असं समजून घेतलं म्हणून ती टिकली? दोन्ही खरं असेल. फोन ठेवल्यावर मी लसूण सोलायला घेतला आणि सुरी उगाच डाव्या हातात धरून पाहिली. दोन पाकळ्यांत बोट कापलं.

परवा मला गाडीत खिडकी मिळाली नाही, बाकही मिळाला नाही. दादर गेलं, कुर्ला गेलं. घाटकोपरला बोटाची पट्टी ओली झालेली, खांद्यावर पर्स, दांड्याला लटकत मी तिघींच्या एका बाकापाशी उभी होते. तोंडात सवयीचा शब्द आला होता. तो गिळून म्हणाले, "जरा सरकता का?" कडेची बाई माझ्याच वयाची, ओठांत सेफ्टी पिन धरून ओढणी लावत होती. तिने पिन काढली आणि म्हणाली, "या ना ताई, बसा. करू आम्ही ॲडजस्ट." तिघी एकदम हलल्या. मी टेकले, अर्धी बाकावर, अर्धी हवेत. तिच्या ओढणीची टोचरी कड माझ्या दंडाला लागत होती आणि ठाण्यापर्यंत आम्ही दोघींपैकी कुणीच हात काढून घेतला नाही.